सासूबाईंचा दाबाचा हातमोजा, मेडिकेअर आणि ‘हाताची सूज’ हा शब्दप्रयोग

गोधडी (न्यू जर्सी)

नमस्कार. विषय थोडा किचकट आहे. पण अमेरिकेत आईवडिलांना किंवा सासूसासऱ्यांना सांभाळणारे, आणि पुण्यामुंबईत रात्रपाळीला बसून अमेरिकेतील मेडिकल बिलिंगचे काम करणारे, असे दोन्ही प्रकारचे सभासद इथे आहेत हे ठाऊक असल्यामुळे इथेच विचारते आहे.

माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या असून आमच्याजवळ राहतात. त्यांना मूळ मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा अमेरिकेचा सरकारी आरोग्यविमा) आहे, म्हणजे पार्ट ए (रुग्णालयाचा खर्च) आणि पार्ट बी (डॉक्टर, बाहेरचे उपचार आणि साहित्य). खाजगी कंपनीमार्फत मिळणारा ॲडव्हान्टेज प्लॅन नाही. चार वर्षांपूर्वी कर्करोगामुळे त्यांचा डावा स्तन आणि काखेतील लसिकाग्रंथी काढल्या, त्यानंतर रेडिएशन झाले. गेल्या हिवाळ्यात डावा दंड जड वाटू लागला, तेव्हा कोणाच्या तरी सांगण्यावरून आम्ही दाब देणारी तयार स्लीव्ह, म्हणजे मनगटापर्यंतची बाही, विकत आणली. दंड उतरला, पण पंधरा दिवसांत हाताचा पंजा फुगला. डाव्या हातातील पाटली साबण लावूनही निघेना, तेव्हा सराफाकडे जाऊन ती कापून घ्यावी लागली, आणि मनगटावरचा वळ दोन दिवस तसाच होता.

त्यानंतर डॉक्टरांनी हातमोजा आणि स्लीव्ह दोन्ही लिहून दिले. पुरवठादाराने प्रत्येकी तीन नग दिले आणि मेडिकेअरकडे ए६५८१ व ए६५७८ या कोडखाली, एलटी मॉडिफायर (कोडला जोडायची दोन अक्षरी खूण) लावून, क्लेम पाठवला. निदानाच्या रकान्यात आर६०.० आहे. दोन्ही ओळी नाकारल्या गेल्या. पुरवठादाराकडील बाई फोनवर म्हणाल्या की मेडिकेअर हातमोज्यांचे पैसे देतच नाही, त्यामुळे पूर्ण रक्कम तुम्हीच भरा. हे खरे आहे का? आणि खरे नसेल तर आम्ही नेमके कोणाशी काय बोलावे?

रात्रपाळी (पुणे)

गोधडीताई, त्या बाईंचे म्हणणे ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत खरे होते. मी नऊ वर्षे हेच काम करतो आहे, आणि त्यांपैकी बहुतेक वर्षे अशा हातमोज्यांचा क्लेम टेबलावर आला की तो नाकारला जाणार हे आम्ही वाचायच्या आधीच सांगू शकत होतो.

त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मेडिकेअर कोणत्याही वस्तूचे पैसे ती उपयोगी आहे म्हणून देत नाही. ती वस्तू कायद्यातील कोणत्या तरी लाभाच्या खणात बसावी लागते. दाबाचा हातमोजा टिकाऊ वैद्यकीय उपकरणाच्या खणात बसत नव्हता, कारण तो काही महिन्यांत सैल पडतो. तो कृत्रिम अवयवही नव्हता आणि जखमेवरची पट्टीही नव्हती. लिम्फेडेमावर, म्हणजे लसिकाद्रवाचा निचरा न झाल्याने होणाऱ्या आजारावर, बोट ठेवून हा खण उघडणारी तरतूद डिसेंबर २०२२ च्या खर्चविषयक मोठ्या विधेयकातून मंजूर झाली. लिम्फेडेमा ट्रीटमेंट ॲक्ट या नावाने तिचा पाठपुरावा बरीच वर्षे चालला होता. १ जानेवारी २०२४ पासून दाबाची वस्त्रे, पट्ट्यांनी आवळता येणारी रॅप, बँडेजचे साहित्य आणि त्यांना लागणारे जोडसाहित्य हे सारे पार्ट बी मध्ये आले.

आता तुमच्या क्लेमकडे वळू. वस्तूंचे कोड बरोबर आहेत. ए६५८१ म्हणजे तयार हातमोजा आणि ए६५७८ म्हणजे तयार स्लीव्ह. डावी बाजू दाखवणारा एलटीही बरोबर आहे. दोन्ही हातांना लागले असते तर आरटी आणि एलटी अशा दोन वेगळ्या ओळी कराव्या लागल्या असत्या. गडबड आर६०.० मध्ये आहे. त्याचा अर्थ ‘एका जागची सूज’ एवढाच होतो. हे लक्षण झाले, आजार नव्हे. नवा खण सुजेसाठी उघडलेला नाही, तो लिम्फेडेमासाठी उघडलेला आहे, आणि त्या खणाची चावी निदानाच्या चार कोडांपैकी एक असते: आय८९.० म्हणजे इतरत्र न मोडणारा लिम्फेडेमा, आय९७.२ म्हणजे स्तन काढल्यानंतरचा लिम्फेडेमा, आय९७.८९ म्हणजे शस्त्रक्रियेनंतरच्या रक्ताभिसरणाच्या इतर गुंतागुंती, आणि क्यू८२.० म्हणजे आनुवंशिक लिम्फेडेमा. यांपैकी एकही क्लेमवर नसेल तर हातमोजा कितीही गरजेचा असला तरी तो पुन्हा २०२३ सालच्या हातमोज्यासारखाच वागवला जातो.

तुमच्या सासूबाईंच्या इतिहासावरून मला आय९७.२ दिसतो. परंतु मला काय दिसते याला किंमत नाही. डॉक्टरांच्या नोंदीत काय लिहिले आहे याला आहे. म्हणून प्रश्न असा की तो शब्द त्यांच्या कागदांत कुठे आढळतो का?

अवांतर: आय८९.० आणि आय९७.२ हे दोन्ही एकत्र टाकून बघू, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आय८९.० च्या खाली स्तनशस्त्रक्रियेनंतरचा लिम्फेडेमा स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे, त्यामुळे ही जोडी एका क्लेमवर शोभत नाही.

मोजपट्टी (टेक्सस)

मी लिम्फेडेमा थेरपिस्ट आहे. बिलिंगमधले मला रात्रपाळींइतके कळत नाही, पण हाताच्या पंज्याबद्दल सांगू शकते, कारण कोड चुकतात त्याचे मूळ बहुधा तिथेच असते.

सासूबाईंच्या बाबतीत जे घडले ते वारंवार घडते. बाही मनगटापाशी संपते आणि तिची शेवटची कड सर्वांत घट्ट लागली की वरून दाबले गेलेले द्रव खाली पंज्यात साचते. म्हणून पंज्याला आधीपासून थोडी जरी सूज असेल तरी नुसती स्लीव्ह आम्ही देत नाही. तुम्हाला घरी पाहता येईल अशी एक खूण आहे. मधल्या बोटाच्या किंवा तर्जनीच्या मुळाशी, मागच्या बाजूची कातडी चिमटीत उचलून पाहा. निरोगी हाताची कातडी सहज उचलली जाते. लिम्फेडेमाच्या हाताची जाड झालेली कातडी चिमटीत येत नाही. आम्ही हिला स्टेमरची खूण म्हणतो. ती नोंदीत लिहिलेली असेल तर ‘सूज’ आणि ‘लिम्फेडेमा’ यांतला फरक कागदावर उभा राहतो. तिच्या जोडीला दोन्ही हातांची मापे असावीत, मनगटापासून ठरावीक अंतरांवर घेतलेली, तारखेसह. ‘डावा हात सुजला आहे, हातमोजा द्यावा’ एवढीच ओळ असेल तर कोडर तरी बिचारा आर६०.० शिवाय काय लावणार?

दुसरा मुद्दा वस्तूचा. हातमोजा म्हणजे ज्यात बोटे झाकली जातात तो. गाँटलेट म्हणजे तळहात आणि अंगठ्याचे मूळ झाकणारा, बोटे मोकळी ठेवणारा. बोटांना सूज नसेल तर गाँटलेट पुरतो आणि स्वयंपाकाला सोयीचा पडतो. पण बोटे सुजलेली असताना गाँटलेट दिला तर सारे द्रव बोटांत उतरते आणि संध्याकाळी बोटे गाजरासारखी होतात. तयार गाँटलेटचा कोड ए६५८२ आहे, मापाने शिवलेल्याचा ए६५६५. ऑर्डरवर डॉक्टर पुष्कळदा दोन्हींना ‘हँड पीस’ म्हणून मोकळे होतात आणि मग पुरवठादार त्याच्याकडे जे शिल्लक असेल ते देतो.

रात्रपाळी

मोजपट्टी, तुम्ही सांगितले ते सोन्याने मढवून आमच्या ऑफिसात लावले पाहिजे. त्यात एक भर घालतो, कारण नवशिक्या कोडरांची इथे फसगत होते.

पायमोज्यांच्या कोडमध्ये किती मिलिमीटर पाऱ्याचा दाब आहे ते लिहिलेले असते. हाताच्या वस्त्रांचे तसे नाही. तयार हातमोजा, तयार स्लीव्ह आणि तयार गाँटलेट यांच्या वर्णनात दाबाचा आकडाच नाही. मापाने शिवलेल्या हातमोज्यांत मात्र कापडाच्या वजनावरून भेद केलेला आहे: ए६५७९ मध्यम वजनाचा आणि ए६५८० जड वजनाचा. त्यामुळे ऑर्डरवर ‘२० ते ३० मिलिमीटर’ लिहून दिले म्हणजे कोडिंगचे काम झाले असे होत नाही. विणकाम कोणते आणि वजन कोणते हे पुरवठादाराच्या कागदावरून कळावे लागते. स्लीव्ह आणि हातमोजा एकसंध शिवलेले असतील तर जोडवस्त्राचा कोड वेगळा आहे, ए६५७५ तयार आणि ए६५७४ मापाचा, आणि तसे असताना त्याचे दोन तुकडे दाखवून दोन कोड लावणे चुकीचे ठरते. सासूबाईंचे दोन्ही नग वेगवेगळे आहेत, तेव्हा त्यांच्या दोन ओळी योग्यच आहेत.

काथ्याकूट (सॅन होजे)

एवढा ऊहापोह कशासाठी? डॉक्टरांच्या ऑफिसात फोन करावा, आर६०.० काढून आय८९.० टाकायला सांगावे आणि क्लेम पुन्हा पाठवावा. कोड बदलायला दोन मिनिटे लागतात. शिवाय पुरवठादाराने आगाऊ एबीएनच्या (‘मेडिकेअर बहुधा पैसे देणार नाही’ अशी पूर्वसूचना देणाऱ्या) कागदावर सही घेतलेली नसेल तर त्याला तुमच्याकडून एक डॉलरही मागता येणार नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

रात्रपाळी

काथ्याकूट, तुमच्या दोन्ही सूचनांशी मी असहमत आहे आणि दोन्हींची कारणे देतो.

निदान हे डॉक्टरांचे असते, क्लेमचे नसते. नोंदीत लिम्फेडेमा नसताना पैसे सुटावेत म्हणून क्लेमवर तो लिहिणे म्हणजे सरकारकडे खोटा दावा करणे होय, आणि त्यासाठी अमेरिकेत स्वतंत्र कायदा आहे. उद्या तपासणीत नोंदी मागवल्या गेल्या तर दिलेले पैसे परत घेतले जातातच, वर दंडाचा प्रश्न उभा राहतो. नोंदीत निदान स्पष्ट असूनही क्लेमवर चुकीचा कोड गेला असेल तर मात्र ती लेखनिकाची चूक आहे आणि ती सुधारायला रीतसर वाट आहे. दोन्हींमध्ये क्लेमवरचा बदल एकच दिसतो, पण जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता एबीएनबद्दल. तो कागद कामास येतो तेव्हा नकाराचे कारण ‘वैद्यकीय गरज दिसत नाही’ असे असते. तशा नकारात आगाऊ सही नसेल तर भुर्दंड पुरवठादारावर पडतो आणि कागदावर सीओ हा गट दिसतो. परंतु लिम्फेडेमाचे निदानच नसेल तर ती वस्तू लाभाच्या खणाबाहेरची धरली जाते. तिथे एबीएनची सक्ती नाही आणि पीआर गटाने रक्कम रुग्णावर टाकता येते. तुमचा अनुभव खरा असेल, पण तो पहिल्या जातीच्या नकाराचा असावा. गोधडीताईंनी या भरवशावर बिल बाजूला ठेवून दिले असते तर ते थेट वसुलीवाल्यांकडे जाण्याची भीती होती.

गोधडी

आज दिवसभर कागद काढून बसले होते. सापडले ते असे.

कर्करोगतज्ज्ञांच्या गेल्या ऑक्टोबरमधील भेटीच्या नोंदीत, अगदी शेवटी, ‘डाव्या हाताचा स्तनशस्त्रक्रियेनंतरचा लिम्फेडेमा, दुसरी अवस्था, थेरपीसाठी पाठवले’ असे वाक्य आहे. थेरपिस्टच्या पहिल्या तपासणीत दोन्ही हातांची मापे आहेत आणि मोजपट्टींनी सांगितलेली ती खूणही आहे. डाव्या पंज्याचा घेर उजव्यापेक्षा अडीच सेंटिमीटरने जास्त भरला. हातमोज्याची ऑर्डर मात्र कर्करोगतज्ज्ञांनी दिलेली नाही. ती आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या ऑफिसातून गेली, आणि तिच्यावर फक्त ‘डाव्या हाताची सूज’ एवढेच लिहिलेले आहे. पुरवठादाराने तीच ओळ उचलली असणार.

थोडक्यात, निदान ऑक्टोबरपासून कागदावर होते आणि ते कोणी वाचलेच नाही. हे कळल्यावर मला राग आला की हायसे वाटले ते सांगता येत नाही.

रात्रपाळी

मग तुमची बाजू भक्कम आहे. करण्यासारखे पुढीलप्रमाणे.

सर्वांत आधी ऑर्डर नीट होऊ द्या. तिच्यावर रुग्णाचे नाव किंवा मेडिकेअर क्रमांक, तारीख, वस्तूचे वर्णन, नगांची संख्या, लिहून देणाऱ्याचे नाव किंवा एनपीआय (त्याचा राष्ट्रीय ओळखक्रमांक) आणि त्याची सही एवढ्या गोष्टी असाव्या लागतात. निदान हा त्या यादीतला सक्तीचा भाग नाही, पण जे लिहिले आहे ते नोंदींशी विसंगत असू नये. लिहून देणारी व्यक्ती डॉक्टर, फिजिशियन असिस्टंट, नर्स प्रॅक्टिशनर किंवा क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट असावी लागते; थेरपिस्टने मापे घेतली तरी त्यांच्या सहीवर ऑर्डर चालत नाही. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आता नोंदीत काही भर घालायची असेल तर ती आजच्या तारखेने आणि सहीने घालावी. मागची तारीख टाकली की चांगली बाजूही बिघडते.

नंतर पुरवठादाराला लेखी कळवा की निदानाचा कोड लेखनिकाच्या चुकीने पडला आहे, सोबत ऑक्टोबरची नोंद आणि थेरपिस्टची तपासणी जोडा, आणि त्यांनी रीओपनिंगची, म्हणजे निकाल लागलेला क्लेम चूक सुधारण्यासाठी पुन्हा उघडण्याची, विनंती करावी असे सांगा. अशा चुकीसाठी पूर्ण अपिलाची गरज नसते, आणि निकाल लागल्यापासून एका वर्षाच्या आत ही विनंती करता येते. न्यू जर्सीचे डीएमईचे (वैद्यकीय उपकरणे आणि अशा साहित्याचे) क्लेम नॉरिडियन ही कंत्राटदार संस्था हाताळते, त्यामुळे विनंती तिकडे जाईल. त्यांनी रीओपनिंगला नकार दिला तरच रीडिटर्मिनेशन, म्हणजे अपिलाची पहिली पायरी, गाठायची. तिची मुदत निकाल मिळाल्यापासून १२० दिवसांची आहे आणि ती रीओपनिंगच्या नादात निसटू देऊ नका. कॅलेंडरवर आत्ताच खूण करा. अपील पुरवठादार करत नसेल तर सासूबाई स्वतः करू शकतात. मेडिकेअरकडून घरी येणाऱ्या समरी नोटिसीच्या (क्लेमच्या निकालांच्या पत्रकाच्या) शेवटच्या पानावर त्याची कृती दिलेली असते.

पुरवठादाराला आणखी एक प्रश्न विचारा: तुम्ही असाइनमेंट स्वीकारली आहे का? स्वीकारली असेल तर मेडिकेअरने मान्य केलेल्या दरावर तो बांधलेला असतो. स्वीकारलेली नसेल तर या वस्तूंवर जादा आकारणीला मर्यादा नाही, आणि ‘मेडिकेअरने दिले’ असे ऐकूनही खिशातून बरेच जाऊ शकते. मान्य दर धरला तर हिशेब सोपा आहे: २०२५ साली पार्ट बी ची वजावट, म्हणजे वर्षात आधी स्वतः भरायची रक्कम, २५७ डॉलरची होती. त्या वर्षाची वजावट इतर उपचारांत आधीच भरून झालेली असेल तर उरलेल्या रकमेपैकी ८० टक्के मेडिकेअर देते आणि २० टक्के तुमच्याकडे, किंवा पूरक विमा असेल तर त्याच्याकडे, येते. मापे घेण्याचा आणि बसवून देण्याचा मोबदला पुरवठादाराच्या दरातच धरलेला असतो. त्यासाठी वेगळे बिल आले तर हरकत घ्या.

पाऊलवाट (डॅलस)

आमची परिस्थिती वेगळी आहे. पत्नी ४४ वर्षांची आहे आणि विमा माझ्या कंपनीचा आहे. आमच्या विमा कंपनीने आधी ‘मेडिकेअरच्या यादीत नाही’ म्हणून नकार दिला होता, आणि आता नव्या यादीत आहे तर ‘आम्ही मेडिकेअर नाही’ असे उत्तर दिले आहे. याला काय म्हणावे? पत्नीच्या शस्त्रक्रियेत स्तन पूर्ण काढलेला नाही, फक्त गाठ आणि काखेतल्या ग्रंथी काढल्या. आमच्या क्लेमवर आय९७.२ लावला आहे.

रात्रपाळी

कंपनीच्या गट विम्याला १९९८ चा स्तनशस्त्रक्रियेनंतरच्या हक्कांचा केंद्रीय कायदा लागू होतो. जो प्लॅन स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च देतो त्याने तिच्या शारीरिक गुंतागुंतींवरील उपचारांचाही द्यावा असे तो सांगतो, आणि त्यात लिम्फेडेमाचा उल्लेख नावानिशी आहे. तुमच्या अपिलात त्या कायद्याचा उल्लेख अवश्य करा.

कोडबद्दल मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोला. आय९७.२ चे शीर्षकच स्तन काढण्याशी बांधलेले आहे. केवळ गाठ काढलेली असताना तो लावला तर नोंदीशी तो जुळत नाही, असे म्हणायला विमा कंपनीला जागा मिळते. अशा वेळी आमच्या टीममध्ये नोंदीतील शब्दांनुसार आय८९.० किंवा आय९७.८९ कडे जातात आणि जोडीला झेड८५.३, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाचा पूर्वेतिहास, टाकतात. उपचार अजून चालू असतील तर पूर्वेतिहासाचा कोड चालणार नाही, तिथे सी५० चा गट येतो.

शिवाय काही खाजगी विमा कंपन्या वर्षानुवर्षे एस८४२७ सारखे एस कोड मागत आल्या आहेत. मेडिकेअरने एस कोड कधी स्वीकारलेच नाहीत. तुमच्या कंपनीला कोणता संच हवा आहे हे आधी विचारून घ्या, कारण योग्य वस्तू चुकीच्या संचातून पाठवल्यामुळे परत आलेली मी कितीतरी पाहिली आहे.

वऱ्हाडी (नागपूर)

माझा भाऊ शिकागोत आहे आणि आमचे वडील त्याच्याकडे राहतात. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा पंजा संध्याकाळी सुजतो. त्यांनाही मेडिकेअर आहे. डॉक्टरांनी दाबाचा हातमोजा सुचवला आहे. आमच्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीकडील हत्तीरोगाचे रुग्ण लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे लिम्फेडेमा म्हटले की मला तोच आठवतो. वडिलांचे हे त्यात मोडते का?

मोजपट्टी

बहुधा नाही. पक्षाघातानंतर हात हलत नाही, खाली लोंबत राहतो, स्नायूंचा पंप बंद पडतो आणि पाणी उतरते. सकाळी उशीवर उंच ठेवलेल्या हाताची सूज बरीच कमी झालेली दिसत असेल, तर तो लसिकावाहिन्यांचा आजार असण्याची शक्यता कमी होते. हातमोज्याचा उपयोग त्यांनाही होईल, पण तो मेडिकेअरच्या या लाभात येणार नाही. भावाने तो स्वतः विकत घ्यावा आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या भेटी मात्र सोडू नयेत.

रात्रपाळी

हत्तीरोगाबद्दल एक बारकावा नोंदवतो. आय८९.० मध्ये हत्तीरोगाचा उल्लेख आहे, पण तो फायलेरिया नसलेल्या हत्तीरोगाचा. डासांमुळे पसरणाऱ्या फायलेरियाचे कोड बी७४ या गटात आहेत, आणि वरच्या चौघांत तो गट नाही.

नवखी (ठाणे)

मी कोडिंगच्या परीक्षेची तयारी करते आहे. सरावाच्या एका प्रश्नात हातमोज्याचे तीन पर्याय होते: ए६५०४, ए६५२० आणि ए६५८१. मला तिन्ही सारखेच वाटले. कृपया फरक सांगाल का?

रात्रपाळी

ए६५०४ भाजलेल्या रुग्णांसाठी आहे. मनगटापर्यंतचा, खास बनवलेला, भाजल्यानंतरचे जाड वण आणि आखडणारे सांधे यांसाठी. रुग्णाच्या कागदात भाजल्याचा उल्लेख नसेल तर त्याच्याकडे पाहूही नका. ए६५२० रात्री घालायचा, आत गादी असलेला तयार हातमोजा आहे. मापाचा असेल तर ए६५२१. ए६५८१ दिवसाचा.

दिवसाचा आणि रात्रीचा हा भेद नगांच्या मोजणीत महत्त्वाचा ठरतो. दिवसाची तीन वस्त्रे दर सहा महिन्यांनी आणि रात्रीची दोन दर चोवीस महिन्यांनी, बाधित अवयवागणिक, अशी मर्यादा आहे. नियमाच्या मसुद्यात दिवसाच्या वस्त्रांचा आकडा दोन होता. लोकांच्या हरकतींनंतर अंतिम नियमात तो तीन झाला. एक अंगावर, एक दोरीवर वाळत आणि एक हाताशी, हे घर चालवणाऱ्या कोणालाही न सांगता कळते, पण नियमात उतरायला हरकती नोंदवाव्या लागल्या.

आणखी एक सापळा. पट्ट्यांनी आवळायच्या रॅपमध्ये दंडासाठी ए६५८८ आहे, पावलासाठी ए६५८७ आहे, पण पंज्यासाठी स्वतंत्र कोड नाही. तिथे ए६५८४ हा ‘इतरत्र न नमूद केलेला’ कोड वापरावा लागतो. अशा कोडसोबत वस्तूचे वर्णन, निर्मात्याचे नाव आणि उत्पादनाचा क्रमांक क्लेमवर लिहिला नाही तर तो माघारी येणारच असे समजा.

गोधडी

सर्वांचे मनापासून आभार. सात आठवड्यांनी धागा वर काढते आहे.

पुरवठादाराने पहिल्या वेळी माझे पत्र वाचले नव्हते. दुसऱ्या वेळी मी ऑक्टोबरच्या नोंदीतील ते एक वाक्य पिवळ्या रंगाने ठळक करून पाठवले आणि व्यवस्थापकांना फोन केला. त्यांनी रीओपनिंग केले, निदान आय९७.२ झाले आणि दोन्ही ओळी मंजूर झाल्या. असाइनमेंट त्यांनी घेतलेली होती. आमची वजावट रेडिओलॉजीच्या बिलांत आधीच संपली होती, त्यामुळे आमच्याकडे फक्त वीस टक्के आले. फोनवरच्या त्या बाईंनीही ‘आम्हाला नवा नियम ठाऊक नव्हता’ असे मोकळेपणाने मान्य केले.

आता नवा प्रश्न. पंजा बराच उतरला आहे, इतका की तयार हातमोजा करंगळीच्या बेचक्यात सैल पडतो, तिथे घडी येते आणि पोळ्या लाटताना लाटण्याखाली अडकते. थेरपिस्ट म्हणतात की आता मापाचा, मध्यम वजनाचा घ्यावा. पण पहिले तीन घेऊन चारच महिने झाले आहेत. सहा महिने थांबावे का?

मोजपट्टी

बेचक्यात घडी पडत असेल तर थांबू नये असे माझे मत आहे. त्या घडीच्या वरच्या बाजूला पुन्हा द्रव साचते आणि आतापर्यंत कमावलेले हातचे जाते. नवीन मापे सकाळी, बँडेज काढल्यावर लगेच घ्यायला सांगा.

रात्रपाळी

थांबण्याची गरज नाही, पण कारण कागदावर असले पाहिजे. वस्त्र हरवले, चोरीला गेले, दुरुस्तीपलीकडे फाटले किंवा रुग्णाच्या स्थितीत बदल होऊन माप बदलले, तर मुदतीआधी बदली मिळते आणि त्या ओळीला आरए मॉडिफायर लागतो. स्थिती बदलल्यामुळे नवा संच मिळाला की सहा महिन्यांची मोजणी त्याच्यापासून नव्याने सुरू होते. तुमच्या बाबतीत कोड ए६५७९, सोबत एलटी आणि आरए, निदान पूर्वीचेच. डॉक्टरांनी जुने आणि नवे माप दोन्ही लिहून ‘पंज्याचा आकार कमी झाल्यामुळे तयार हातमोजा बसत नाही’ असे स्पष्ट नमूद करावे. ‘हातमोजा सैल आहे’ एवढेच लिहिले तर तो जुना होऊन सैल झाला की हात बारीक झाला, हे वाचणाऱ्याला कळणार नाही.

मापांच्या कागदावर या वेळी तारीख आणि सही आहे ना, तेवढे पाहून घ्या आणि पाठवण्यापूर्वी ऑर्डरचा मजकूर इथे टाका. मी उद्यापासून चार दिवस गावी असेन, सोमवारी रात्री कामावर आलो की वाचून उत्तर देतो.